प्रोसिडिंग बुक घरी येतं तेव्हा

आमच्या वहिनी सहा वर्षांपासून विश्वस्त आहेत. सातारा जिल्ह्यातल्या तीन तालुक्यांसाठी चालणारा एक मदत निधी आहे. मुलामुलींच्या शिक्षणाची फी आणि मोठ्या आजारपणात हातभार, एवढंच त्याचं काम. माझे चुलते त्याच्या संस्थापकांपैकी एक. ते गेल्यावर जागा घरातच राहावी म्हणून दादाचं नाव पुढे आलं. दादाला नोकरीमुळे ते नको होतं, म्हणून वहिनींचं नाव गेलं. हे सरळ सांगून टाकलेलं बरं.

सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराला. रविवारी अकराला आमच्या स्वयंपाकघरात जे चाललेलं असतं ते सभा ठरवणाऱ्यांच्या घरीही चाललेलं असतंच, फक्त तिथे ते दुसरं कोणी करत असतं. वहिनी सुरुवातीला दोनदा गेल्या. तिसऱ्या वेळेपासून निधीचा शिपाई मंगळवारी मोटारसायकलवरून प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, घेऊन घरी येऊ लागला. लाल कापडी बांधणीचं जाडजूड बुक. सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारलेली. वहिनी चष्मा शोधतात, फुलीवर सही करतात, शिपाई चहा पितो आणि निघताना फुली खोडून टाकतो. मागच्या डिसेंबरात गेले होते तेव्हा हे मी समोर बसून पाहिलं. खोडरबर तो खिशात घेऊनच येतो.

यंदा त्या निधीत वाद पेटला. एका तरुण सभासद शिक्षिकेने ठराव सुचवला की निधीची घटना दुरुस्त करून अकरा विश्वस्तांपैकी किमान चार महिला असाव्यात. सध्या एक आहे, वहिनी. पुढचे दहा दिवस सभासदांचा व्हॉट्सॲप ग्रुप धगधगत होता. 'चांगल्या बायका मिळत नाहीत.' 'मिळतात, पण वेळ देत नाहीत.' 'आरक्षण आलं की गुणवत्ता गेली.' 'सेवाकार्यात कसलं आलंय स्त्री-पुरुष?' हे शेवटचं लिहिणारे गृहस्थ एकवीस वर्षं कोषाध्यक्ष आहेत. मग त्यांनीच मला ओढलं. 'ताई, तुम्ही तिकडे अशाच फंडावर आहात ना? तिकडे कसं असतं ते सांगा.' मी तीन ओळी लिहिल्या. त्यावर त्यांचंच उत्तर आलं, 'इंग्लंडचं इंग्लंडला.' तेव्हा त्या तीन ओळींत न मावलेलं इथे लिहिते.

मी लीड्सला एकोणीस वर्षं आहे आणि गेली चार वर्षं यॉर्कशरमधल्या एका विभागीय धर्मादाय निधीची विश्वस्त आहे. मानधन नाही, तिकडच्यासारखंच. जाहिरात वाचून अर्ज केला, मुलाखत झाली, निवड झाली. पहिल्या सभेच्या आठ दिवस आधी कागदांचं गाठोडं आलं, एकशे चाळीस पानं. सभा गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला, अर्धे लोक खोलीत आणि अर्धे पडद्यावर. सभेच्या वेळात मूल सांभाळायला कोणी ठेवावं लागलं तर ते पैसे मागता येतात. इथली नियामक संस्था, चॅरिटी कमिशन, हा विश्वस्ताचा रास्त खर्च मानते. पहिल्यांदा मागताना माझे कान तापले होते. समाजकार्याला जाऊन पोर सांभाळायचे पैसे घेतले, हे आईला कोणत्या तोंडाने सांगणार? खजिनदाराने मान वर न करता पावती मागितली. त्या क्षणी मला वहिनींची रविवारची अकराची वेळ आठवली. 'बायका वेळ देत नाहीत' हे वाक्य पुन्हा वाचलं की तो खजिनदार डोळ्यांपुढे येतो.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही, आणि इकडे राहणाऱ्या आम्हा लोकांची तसं भासवण्याची खोड मला ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्थांच्या मंडळावर स्त्रियांसाठी कायद्याने एकही जागा नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या विश्वस्तांची 2017 मध्ये पाहणी झाली तेव्हा एका स्त्रीमागे दोन पुरुष निघाले, आणि दहांपैकी नऊहून जास्त विश्वस्त गोरे. अध्यक्ष आणि खजिनदारांमध्ये पुरुषांचा वाटा त्याहूनही मोठा. बहुतेक जण ओळखीतूनच आलेले होते. 'आपला माणूस' ही संस्था फक्त सातारची नाही.

माझंच सांगते. पोटासाठी मी हिशेब तपासण्याचं काम करते, वीस वर्षं तेच. मंडळावर गेल्यावर मला घातलं समता समितीत. वार्षिक अहवालात सलग तीन वर्षं माझा फोटो, एकदा तर साडीतला, दिवाळीच्या कार्यक्रमातला. गुंतवणूक समितीत चार पुरुष, त्यातले दोघे निवृत्त वकील. राखीव निधीतून किती काढायचं आणि किती ठेवायचं ते तिथे ठरतं, आणि त्यावरूनच वर्षभर कोणाला काय देता येईल हे ठरतं. मला तिथे पोचायला अडीच वर्षं लागली. तेही कोणी बोलावलं म्हणून नव्हे. लेखापरीक्षणाच्या कागदात एक आकडा दोन पानांवर दोन तऱ्हेने छापला होता आणि तो फक्त मी वाचला होता, म्हणून.

आता उलट्या बाजूने बघा. कायद्याच्या बाबतीत आपण इंग्लंडच्या कितीतरी पुढे आहोत, आणि हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगते तेव्हा त्यांना पहिल्यांदा खरं वाटत नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. लीड्सच्या नगर परिषदेत स्त्रियांसाठी एकही राखीव जागा नाही. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळावर दोन महिला हव्यात ही अट 97 व्या घटनादुरुस्तीबरोबर आली. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने किमान एक महिला संचालक सक्तीची केली. म्हणजे दूध संघाला महिला हवी, पतसंस्थेला हवी, मोठ्या कंपनीलाही हवी. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात मात्र सरसकट अशी अट नाही. जिथे नफा नाही, जिथे सगळं 'सेवा' या एका शब्दाखाली चालतं, तिथेच ती राहून गेली.

काय होऊ शकतं याचं उदाहरण नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे. जानेवारी 2016 मध्ये शनि शिंगणापूरच्या देवस्थान न्यासाच्या अध्यक्षपदी अनिता शेटे आल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. तेव्हा चौथऱ्यावर स्त्रियांना जायची मनाई होती. म्हणजे न्यासाच्या अध्यक्षा ज्या देवस्थानचा कारभार बघणार, त्याच्या चौथऱ्यावर पाऊल ठेवू शकत नव्हत्या. चौथरा खुला झाला त्याच वर्षी एप्रिलमध्ये, आंदोलनानंतर आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. खुर्ची आधी मिळाली, पायरी नंतर. पुष्कळ ठिकाणी खुर्ची मिळते आणि पायरीचं कोणी बोलत नाही.

स्त्रियांनी पैसे आणलेले आपल्याला शंभर वर्षांपासून चालतात. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, पुढे थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. आमच्या निधीचीही महिला आघाडी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती पावतीपुस्तकं घेऊन फिरते, आणि वर्षाच्या देणग्यांतला चांगला मोठा भाग तिथून येतो. ते पैसे कुठे जावेत हे ठरवायच्या दिवशी आघाडीचं काम चहा-फराळाचं.

त्याचा परिणाम अर्जाच्या छापील नमुन्यावर दिसतो. वैद्यकीय मदतीच्या अर्जावर शेवटी 'कुटुंबप्रमुखाची सही' अशी ओळ आहे. कोणे एके काळी दहा शहाण्या माणसांनी बसून ती घातली असेल, सद्हेतूनेच. पण नवऱ्याने टाकलेली बाई ती ओळ कशी भरणार? दीर सही देत नाही, भाऊ म्हणतो ती आता आमच्याकडची नाही. असा अर्ज 'अपूर्ण' या शेऱ्यासह बाजूला पडतो. कोणी मुद्दाम नाकारत नाही. दहा जणांपैकी एकावरही ती ओळ रिकामी ठेवायची पाळी कधी आलेली नाही, एवढंच.

ग्रुपवर ठरावाच्या विरोधात जे लिहिलं गेलं त्यातला एक मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नव्हता. 'चार जागा केल्या तर चौघांच्या बायका येतील.' खरंय, येतील. वहिनी तशाच आल्या. आमच्या गावात पहिल्या महिला सरपंच झाल्या तेव्हा त्यांचे यजमानच ग्रामसभेत बोलत, त्या पदर सावरून शेजारी बसत. लोक हसले. पण जागा राखीवच राहिली आणि तिसऱ्या खेपेला आलेल्या बाईंनी टँकरच्या बिलावर सही करायला नकार दिला, कारण टँकर आलेलाच नव्हता. त्यांच्या यजमानांनी समजूत घातली तरी नाही केली. पहिल्या बाई आल्याच नसत्या तर तिसऱ्या आल्या असत्या का, मला नाही वाटत. तेव्हा बायका येतील तर येऊ देत. सुरुवात कुठून तरी होते.

माझं भांडण ठरावाच्या बाजूच्या मंडळींशी आहे, आणि ते त्यांना आवडलेलं नाही. चार महिला घेतल्या आणि अध्यक्ष, चिटणीस, कोषाध्यक्ष तेच राहिले, तर शिपायाला मोटारसायकलवरून चार घरं फिरावी लागतील, एवढाच फरक. माझ्या इंग्रज निधीतून एकच गोष्ट उचलून न्यायची मुभा मिळाली तर मी मुदत नेईन. इथे चांगल्या कारभाराची जी संहिता संस्था स्वतःहून पाळतात, तिच्यात विश्वस्ताला साधारण नऊ वर्षं पुरे मानली आहेत. पुढे ठेवायचं तर कारण द्यावं लागतं. आमचे अध्यक्ष नऊ वर्षं भरताच पायउतार झाले. केक कापला, दोन शब्द बोलले, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या जागेची जाहिरात निघाली. माणूस उत्तम होता. उत्तम होता म्हणून त्याला ठेवावं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

आपल्याकडे 'आजीव विश्वस्त' हा शब्दच आदराने उच्चारला जातो. 2025 मध्ये राज्याने सार्वजनिक न्यास कायदा दुरुस्त करून, न्यासपत्रात वेगळी तरतूद नसेल तर आजीव विश्वस्त एकूण संख्येच्या एक चतुर्थांशाहून जास्त नकोत असं म्हटलं. त्यावर चर्चा झाली ती मुंबईतल्या मोठ्या उद्योगघराण्याच्या न्यासांची. तालुक्याच्या निधीत कोणी तो मजकूर मोठ्याने वाचला असेल, तर माझ्या कानावर नाही. मी ग्रुपवर टाकला. निळ्या खुणा सगळ्यांच्या आल्या, उत्तर एकाचंही नाही. महिलांच्या चार जागांवर दहा दिवस भांडता येतं. आपली खुर्ची रिकामी करायच्या विषयावर माणसं गप्प होतात.

वहिनींना मी एवढंच सांगितलं होतं की तुमचं नाव चेंज रिपोर्टने, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या अर्जाने, धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट एकवर, म्हणजे निधीच्या सरकारी नोंदीत, चढलेलं आहे. उद्या हिशेबात काही निघालं तर नोटीस तुमच्याही नावाने येणार, फुली कोणी मारली ते कोणी विचारणार नाही. त्या 'हो का' म्हणाल्या आणि विषय मुलीच्या लग्नावर नेला. मला वाटलं, गेलं ते वाऱ्यावर.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी फोन वाजला. माझी दुपार, त्यांची रात्र.

"वन्सं, एक विचारू का?" ही हाक आता आमच्याच घरात उरली असावी. "'अपूर्ण' म्हणजे नामंजूर का हो?"

"का? काय झालं?"

"बुकात लिहिलंय. सात अर्ज मंजूर, एक अपूर्ण. नाव वाचलं तर मागच्या आळीतली. तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन आहे, मला ठाऊक आहे, मीच तिला अर्ज कर म्हणाले होते."

"तुम्ही बुक वाचलंत?"

"चष्मा लावलाच होता."

मी सांगितलं की त्या मूळ अर्ज मागू शकतात, सभेला जाऊन विषय काढू शकतात, पटलं नाही तर विरोध बुकात नोंदवायला सांगू शकतात. त्या ऐकत होत्या. मागून दादाचा आवाज आला, "रविवारी? मग जेवणाचं काय?" त्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

शिपायाला त्यांनी त्या दिवशी चहा दिला आणि बुक ठेवून घेतलं. 'वाचून देते, उद्या या.' तो म्हणाला, साहेब थांबलेत. बुधवारी तो परत आला तेव्हा बुक टेबलावर बांधून ठेवलं होतं आणि आतली पेन्सिलीची फुली होती तशीच होती.