बेअरिंग खिशात गेलं

ट्रॅक्टरची इंजिनं बांधायचं काम मी बावीस वर्षं करतोय. परवा एका गॅरेजवर पार्टवरून हातघाईपर्यंत गेलेलं भांडण पाहिलं आणि तात्यांचा ट्रॅक्टर आठवला.

तेव्हा त्यांना इंजिन बांधून देऊन महिनाच झाला होता. नवे लायनर-पिस्टन, क्रँक दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून बारीक केलेली, त्याच मापाची नवी बेअरिंगं. जेमतेम चाळीस तास चालला आणि ठोकायला लागला. मृग तोंडावर. तात्या काही बोलले नाहीत, नुसते दारात उभे राहिले. मला मान वर करवेना.

ऑइल चेंबर उतरवला. तीन नंबरच्या रॉडचं बेअरिंग गेलेलं. पांढऱ्या फडक्यावर ठेवून उजेडात पाहिलं. कचरा गेला असता तर ओरखडे दिसले असते, कण रुतलेले असते. ऑइल कमी पडलं असतं तर धातू पुसल्यासारखा पसरला असता, क्रँकची पिन निळी-काळी पडली असती. तसं काही नव्हतं. वरचा थर खपलीसारखा सुटला होता आणि खालचं पोलाद गुळगुळीत, स्वच्छ. थर नीट धरलाच नव्हता. बाकीच्या बेअरिंगना काही झालं नव्हतं.

दुकानदाराने कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनीचा माणूस आला, मोबाईलवर दोन फोटो काढले, ‘फिटिंग फॉल्ट’ म्हणाला आणि बेअरिंग खिशात घालून गेला. मी नेऊ दिलं. तिथंच चुकलो. पुढे ‘गुडविल’ म्हणून नवा सेट आला, तो दहा थाऊचा. क्रँक तोवर ग्राइंड होऊन वीस थाऊवर गेली होती. तो सेट बसणार कसा? अजून रॅकवर पडून आहे. ग्राइंडिंग, ऑइल, गॅस्केट, मजुरी सगळं माझ्या अंगावर.

पार्ट बदलून दिला की जबाबदारी संपली, हे मला अजिबात मान्य नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष मालाबद्दल बनवणारा, विकणारा आणि सेवा देणारा, तिघांचीही जबाबदारी त्यात लिहिली आहे. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग पार्ट प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी ट्रॅक्टर चालवणारा शेतकरीही त्यात ग्राहकच. पण प्रयोगशाळेत पाठवणार काय? पार्ट खिशात गेला आणि बिलाच्या जागी कच्ची चिठ्ठी.

मिस्त्री मंडळींनाही सांगतो. रॉडची कॅप उलटी बसवून ‘पार्टच खराब होता’ म्हणणारे मला माहीत आहेत. गिऱ्हाइकाला न सांगता डुप्लिकेट टाकणारेही. त्यांच्यामुळे खरं बोलणाऱ्यावरही कुणाचा विश्वास बसत नाही.

आता मी पार्टचं पक्कं बिल गिऱ्हाइकाच्या नावाने करतो. तक्रारीचं इंजिन त्याच्यासमोरच खोलतो, व्हिडिओ काढतो. बेअरिंग दोन अर्ध्यांचं असतं. एक अर्धं कंपनीला, सहीची पोच घेऊन. दुसरं पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या घरी.

तात्यांकडून मी दुसऱ्यांदा एक रुपया घेतला नाही. पेरणी मात्र त्यांना भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी लागली. ते पैसे मी भरून देऊ शकलो नाही, आणि कंपनीतून कुणी त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही.