‘रन’चे 645 अर्थ आणि मराठीचा फुकटचा कैवार

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: इंग्रजीत ‘रन’ या एकाच शब्दाचे 645 अर्थ आहेत, मराठीत मात्र प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द आहे, म्हणून इंग्रजी ही दरिद्री भाषा, आणि ती शिकायची तर मुलांना हे सगळे अर्थ घोकावे लागतात. मराठीवरच्या मायेपोटी लोक तो पुढे पाठवतात, पण अर्धाच खरा असलेला आकडा सोडला, तर यातली एकही गोष्ट टिकत नाही. शेवटची तर मुलांचं नुकसान करते.

आधी आकडा. तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा, 2011 मध्ये वर्तमानपत्रांत गाजलेला, आणि फक्त क्रियापदाचा. हा कोश ऐतिहासिक आहे. एखादा अर्थ वापरातून गेला तरी त्याची नोंद राहते. त्यामुळे आज कोणीही न वापरणारे अर्थही त्यात सापडतात. 1989 च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती, पुढच्या सुधारणांत ‘रन’ने तिला मागे टाकलं. एका अर्थाचे दोन पोटअर्थ करायचे की नाही, हे संपादक ठरवतो. अशा मोजणीवरून भाषेची श्रीमंती ठरत नाही.

दारिद्र्याचं म्हणाल तर अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी 1945 मध्येच दाखवलं होतं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. म्हणजे अर्थांची गर्दी ही वापराची खूण, दारिद्र्याची नव्हे.

आता ‘मराठीत प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द’. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, भाजी तिखट लागते, मूल बोलू लागतं, तो माझा मामा लागतो, मला जावं लागतं. ‘गाडी लागली’ म्हणजे गाडी फलाटावर आली, किंवा घाटात कोणाला मळमळू लागलं! यातलं काहीही आपण घोकलेलं नाही. शेजारचा शब्द अर्थ ठरवतो. बडोद्यात तर हे रोज अनुभवाला येतं: गुजरातीत ‘मने लागे छे’ म्हणजे ‘मला वाटतं’, आणि काटा ‘वागतो’ म्हणजे लागतो. मराठीत ‘वागणं’ अगदीच वेगळं. दांडिया बाजारातली मुलं दोन्ही भाषा गल्लत न करता बोलतात, ती याच सवयीवर.

इंग्रजीतही तेच करायचं. ‘रन’ दिसला की आधी बघा, पळतंय कोण? माणूस असेल तर धावणं. बस असेल तर ठरल्या वेळांना सुटणं. नाक असेल तर गळणं. रंग असेल तर सुटणं. चणियाचोळी धुतल्यावर ‘द कलर रॅन’ याचं ‘रंग धावला’ असं भाषांतर होतं, कारण कर्त्याकडे पाहिलेलंच नसतं. मग कर्म आहे का ते पाहा: ‘शी रन्स अ क्लिनिक’ म्हणजे ती दवाखाना चालवते. शेवटी मागे चिकटलेला शब्द. सर्वांत जास्त घसरगुंडी इथेच होते: ‘ही वॉज रन आउट’ म्हणजे फलंदाज धावचीत, ‘वुई हॅव रन आउट ऑफ शुगर’ म्हणजे साखर संपली. फरक एका ‘ऑफ’चा.

म्हणून वहीत ‘रन = धावणे’ असं लिहू नका, अख्खं वाक्य लिहा. कोशही विद्यार्थ्यांसाठीचा घ्या. त्यात नेहमीचे अर्थ सहसा आधी येतात. ऐतिहासिक कोशात जुने आधी येतात, आणि नवशिक्या पहिल्याच ओळीत अडकतो.

विषय ठरला की अर्थांची गर्दीही ओसरते. बडोदे संस्थानाने 1931 मध्ये काढलेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत अशा भाषांतले प्रतिशब्द देतो, तो कारभारापुरताच. क्रिकेटच्या बातमीत ‘रन’ आला तर धाव, बँकेच्या बातमीत ‘रन ऑन द बँक’ आलं तर ठेवी काढायला उडालेली झुंबड. बाकीचे अर्थ तिथे डोक्यातही येत नाहीत.