हलत नाही कसं? हलतं की!

नेदरलँड्समधल्या फ्रानेकर गावच्या आयझिंगा तारांगणाबद्दल (घराच्या छताला आतून बसवलेली सूर्यमालेची चालती प्रतिकृती) एका लेखात "छतावरचे ग्रह हलत नाहीत, पंधरा मिनिटांत बघून होतं" असं लिहिलंय ते काही पटलं नाही. हलतात हो, फक्त खऱ्या ग्रहांच्याच वेगाने हलतात! शनीला त्या निळ्या छतावर एक फेरी मारायला २९ वर्षांच्या वर लागतात, आता तो आपल्यासमोर भर्रकन फिरावा अशी अपेक्षा असेल तर मोबाईलवर अ‍ॅप बघावं ना. आणि मापही भारी आहे, १ मिलीमीटर म्हणजे १० लाख किमी, म्हणजे सूर्यापासून पृथ्वी वीतभरही नाही आणि शनी जवळपास दीड मीटरवर, हे सगळं आयझिंगा नावाच्या एका लोकर विंचरणाऱ्या माणसाने १७७४ ते १७८१ मध्ये स्वतःच्या राहत्या खोलीत केलं, बायकोपोरं तिथेच वावरत असताना.

आणि खरी गंमत माळ्यावर आहे, तिचा लेखात उल्लेखच नाही! जिना चढून वर गेलात की लाकडी चाकं दिसतात, त्यांना दात म्हणून हाताने घडवलेले खिळे ठोकलेत ओळीने, आणि सगळं चालतं वजनांवर नि एका लंबकाच्या घड्याळावर. लीप वर्ष मात्र त्याला कळत नाही, २९ फेब्रुवारीला कुणीतरी हाताने जुळवून द्यावं लागतं. तो लंबक कुठे लटकतो माहितीये? खाली भिंतीतल्या झोपायच्या कपाटात, अगदी बिछान्याच्या वर. मला तर आयझिंगाच्या बायकोचं कौतुक जास्त वाटलं 😄 जाणाऱ्यांनी माळा चुकवू नका.