पद्मिनीला नवं लुगडं

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप दिला, तेव्हा टीव्हीवर लोकांचे डोळे पाणावले होते. आमची प्रीमियर पद्मिनी मोर्शी तालुक्यात अजून धावते, आणि परवापरवापर्यंत तीही डोळ्यांत पाणी आणायची. पुढच्या सीटची एक स्प्रिंग रेक्झिन फाडून वर आली होती. ती जागा आम्ही पाहुण्यांना आग्रहाने द्यायचो.

शेवटी नवी कव्हरं आणि फोम मागवला. कव्हर ‘हुबेहूब मापाचं’ होतं. कुणाच्या मापाचं, ते पार्सलात लिहिलेलं नव्हतं. ट्रॅक्टर आणि बुलेटच्या सीटांत आमच्या तालुक्यातल्या कुशनवाल्याचा हात धरणारा कोणी नाही, पण लग्नसराईत त्याच्याकडे सोफ्यांची रांग. “उनीत टाका भाऊ, रेक्झिन नरम पडते. अन् फोमवर प्लॅस्टिकची पन्नी घाला, सरकते,” एवढं फोनवर सांगून तो मोकळा झाला.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढची सीट अखंड. शहरात तिच्यावर तिघं बसतात, आमच्याकडे चौघं. ती बाहेर काढून अंगणात उलटी टाकली आणि गाव जमलं. जुनं रेक्झिन तारेच्या कड्यांनी फ्रेमला आवळलेलं. गंजलेली कडी पक्कडीत धरली की अर्धी तुटायची, उरलेली अर्धी बोटात शिरायची. आतून शेंगांची फोलपटं, सरकी, पाच पैशांची नाणी आणि एक लग्नपत्रिका निघाली. त्या नवरानवरीचा मुलगा शेजारीच उभा राहून मला पक्कड कशी धरावी ते शिकवत होता.

“फोम कायले पायजे? कापूस भरा ना,” एक काका म्हणाले. “बाजारात तं भाव भेटत नाही, सीटमंदी तरी बसीन बिचारा.” यावर कोणी हसलं नाही.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ रणरणते दिवस, लागलेला, पारा पंचेचाळीसच्या पुढे. आमच्या उन्हाबद्दल कोणी चांगलं बोलत नाही, पण त्या दुपारी कामाचा तेवढाच एक गडी होता. सकाळी फ्रेमच्या अलीकडेच अडून बसलेलं काळं रेक्झिन तासाभरात असं सैलावलं की हातात धरवेना. फोमवर पन्नी चढवली, मधली शिवण मधोमध धरली, दोघं गुडघ्यांनी सीट दाबून बसले आणि मी खालून कडा ओढत कड्या आवळत गेलो. मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जायचं असतं. कोपरा आधी धरला की सगळी घडी मधे गोळा होते आणि मग ती ज्याला त्याला दिसते. माझी माय ओट्यावरून म्हणाली, “बाप्पा, माणसाले एवढं कोणी नेसवलं नसीन.”

सीट देखणी झाली. फक्त नवा फोम जुन्यापेक्षा दोन बोटं उंच भरला. आमच्या उंच काकांचं डोकं आता छताला टेकतं, म्हणून ते मान एका बाजूला कलती करून गाडी चालवतात. रस्त्यावरच्या माणसाला वाटतं, भाऊ ‘येता का’ म्हणून विचारतायत. मोर्शीचा फाटा येईपर्यंत पुढची सीट भरलेली असते.