प्रश्नांनाच वेळ का नसतो?

परिसंवादाच्या पत्रिकेवर साडेदहा. सुरू पावणेबाराला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आणि परिचय म्हणून वक्त्याचा दोन पानी बायोडेटा शब्दन्‌शब्द वाचायचा. शेवटी त्याच वक्त्याला चिठ्ठी: ‘१० मिनिटांत आवरा.’ अहो, लोक कोणाला ऐकायला आलेत?

आणि ‘आंतरविद्याशाखीय’ असं फलकावर लिहिलं की झालं का? विषय कातळशिल्पांचा, म्हणजे खडकात कोरलेल्या चित्रांचा. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलेला, आपल्याच कोकणातल्या सड्यांवरचा, म्हणजे उघड्या कातळपठारांवरचा ठेवा! पुरातत्त्ववाला येतो, २० स्लाइड दाखवतो, जातो. भूगर्भवाला जांभ्यावर, सड्याच्या त्या लाल दगडावर बोलतो, जातो. वनस्पतीवाला सड्यावरच्या पावसाळी फुलांवर बोलायला उठतो, तोवर पहिला गाडीत बसलेला. एकमेकांना एकही प्रश्न नाही! जांभा कसा झिजतो हे कळल्याशिवाय ती कोरलेली रेघ किती टिकेल हे कोण सांगणार? राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणेला कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते, ते का, हे भूगर्भवाल्याला तिथल्या तिथे विचारायचं नाही तर कधी? तिघांना एका टेबलाशी बसवा. प्रत्येकी १५ मिनिटं, मग ४५ मिनिटं नुसते प्रश्न. इतकं अवघड आहे?

त्यात दिवस कामाचा, महिना एप्रिल, आंबा उतरवायची ऐन घाई. निरोप आदल्या संध्याकाळी. ज्याच्या गावच्या सड्यावर हे कोरलंय तो माणूस हात वर करून बसलेला असतो, दीडची एसटी सुटायला आलेली असते, आणि माइकवरून ऐकू येतं, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत.’