मतदारयादीला दीडने गुणून गावाची लोकसंख्या निघत नाही

कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर तालुक्यातील एका गावच्या ग्रामपंचायत सदस्य असलेल्या आमच्या वहिनींनी मला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश पाठवला आणि त्यातील सूत्रानुसार गावाच्या आराखड्यात लोकसंख्या लिहावी का, असे विचारले. संदेशाचे म्हणणे असे: २०११ नंतर जनगणना झालेली नाही, म्हणून सरकारी आकडे निरुपयोगी आहेत, मतदारयादीतील नावांना दीडने गुणले की गावाची खरी लोकसंख्या मिळते, आधारची संख्या त्याहूनही अचूक असते, नाहीतर जिल्ह्याच्या वाढीचा दर प्रत्येक गावाला लावावा, आणि नमुना पाहण्यांवर विसंबू नये, कारण त्यांत मूठभर घरेच विचारली जातात.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. कोल्हापूर जिल्ह्याची शेवटची मोजदाद ३८,७६,००१ अशी २०११ ची आहे आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. पण जुन्या आकड्याची तारीख आणि मोजण्याची रीत ठाऊक असते, त्यामुळे त्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. मनाने ठरवलेल्या गुणकाला असा कोणताच आधार नसतो.

खरे नुकसान करणारा मुद्दा मतदारयादीचा आहे. दीडचा गुणक तेव्हाच बरोबर ठरतो, जेव्हा गावातील दोनतृतीयांश माणसे अठरा वर्षांवरील असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, १.७ पर्यंत उतरला आहे, म्हणजे लहान मुलांचे प्रमाण घटत चालले आहे. एखाद्या गावात प्रौढ तीनचतुर्थांश असतील, तर ३,००० मतदारांमागे लोकसंख्या ४,००० होते; संदेशाचे सूत्र मात्र ४,५०० सांगते. जलजीवन मिशन या घरोघरी नळाने पाणी देण्याच्या योजनेच्या माणशी दररोज ५५ लिटरच्या निकषाने हा फरक दररोज २७,५०० लिटरचा होतो.

शिवाय यादीतील सगळी माणसे गावात राहतात, हे गृहीतकच चुकीचे आहे. चंदगड, आजरा, गगनबावडा या भागांतून मुंबई-पुण्याला गेलेल्या कित्येकांचे मत गावातच असते. उलट शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील कारखान्यांत काम करणारे परराज्यांतील कामगार आणि हंगामात फडावर राहणारी ऊसतोड कुटुंबे येथील यादीत बहुधा नसतात. या दोन चुका एकमेकींना खोडून काढत नाहीत, कारण त्या एकाच गावात घडत नाहीत: डोंगरी गावाचा आकडा फुगतो आणि औद्योगिक पट्ट्यातील गावाचा आटतो. जिथे पाण्याची टाकी लहान पडते आहे, तिथेच या सूत्राने ती आणखी लहान बांधली जाईल.

आधारच्या बाबतीत एवढेच सांगतो की कार्ड माणसाला मिळते, गावाला नाही. गाव सोडल्यावर पत्ता बदलण्याची घाई फारसे कोणी करत नाही.

जिल्ह्याचा दर सर्व गावांना लावण्याचा सल्ला निव्वळ अज्ञानातून आलेला आहे. २००१ ते २०११ या दशकातील जिल्ह्याची सुमारे १० टक्के वाढ ही सरासरी आहे. महापालिका झाली त्या १९७२ सालापासून कोल्हापूरची हद्द वाढलेली नाही, म्हणून शहराची वाढ उचगाव, पाचगाव, कळंबा अशा गावांत जाऊन बसते. लोकसंख्या प्रक्षेपणासाठी केंद्राने नेमलेल्या तांत्रिक गटाचा २०२० चा अहवाल वय आणि लिंगानुसार २०३६ पर्यंतचे अंदाज देतो, पण तो देश आणि राज्ये यांच्या पातळीवर थांबतो. क्षेत्र जितके लहान, तितके तिथल्या आकड्यात जन्म-मृत्यूपेक्षा स्थलांतराचे वजन वाढते, आणि स्थलांतराची गावनिहाय नोंद कुठेच नसते. जन्मनोंदीही जपूनच वापराव्या लागतात: १९६९ च्या कायद्यानुसार जन्म जिथे झाला तिथे नोंदवला जातो, म्हणून पन्हाळ्याच्या आईचे बाळ कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयात जन्मले की नोंद शहरात होते.

नमुना पाहणीविषयीचा आक्षेप अर्धाच खरा आहे. वर उल्लेखिलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीने ७०७ जिल्ह्यांतील ६,३६,६९९ कुटुंबे गाठली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० कुटुंबे. नमुना नीट निवडला असेल तर जिल्ह्याचे दर काढायला एवढी कुटुंबे पुरतात, तालुक्याला मात्र पुरत नाहीत. त्यासाठी पाहणीतील निष्कर्षांना जनगणनेची आणि नोंदवह्यांची जोड देऊन प्रतिमानाने, म्हणजे त्यांचा परस्परसंबंध मांडणाऱ्या गणिती सूत्राने, अंदाज काढतात. फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील हजाराहून कमी वस्तीच्या गावांच्या उत्पन्नासाठी हेच केले. अशा अंदाजासोबत त्याची त्रुटी किती, हेही सांगता येते.

वहिनींना मी कळवले आहे की २०११ चा आकडा वर्षासह लिहावा, आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या घरोघरच्या नोंदींशी तो ताडून पाहावा, आणि १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाच्या जनगणनेचे आकडे आले की आराखडा सुधारावा. जनगणनेतही माणसे सुटतात. २०११ मध्ये हजारी २३ सुटली, आणि हे तिच्याच पश्चात-तपासणीने, म्हणजे मोजणीनंतर काही भागांत केलेल्या फेरतपासणीने, जाहीर केले. दीडच्या गुणकात किती माणसे सुटली किंवा वाढली, हे तो संदेश पाठवणारा कोणीही सांगू शकत नाही.