वस्तीच्या गाडीसाठी सोडलेलं गणित

परवा रात्री धाकट्या भावाचा गावाहून फोन आला. "ताई, पोरीचा अकरावीचा फॉर्म भरायला बसलोय. सायन्स टाकतोय. विषय कुठले टाकू?" मी म्हटलं, तिला विचारलंस का? पलीकडून थोडा वेळ नुसता कौलांवरच्या पावसाचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "तिला काय कळतंय? नव्वदच्या वर आहेत, म्हणजे सायन्सच ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे लिहितेय. लांबलचक होईल, पण ज्यांच्या घरी यंदा दहावी झालेलं मूल आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

दहावीच्या निकालात आपला कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. त्याचा अभिमान मलाही आहे. पण निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाले की पुढच्या चार दिवसांत मुलाच्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय आपण कसा घेतो, ते आठवून बघा. मुंबईचे काका फोनवर काय म्हणाले, शेजारच्या मुलाने काय घेतलं, आणि गावातून एसटी कुठल्या कॉलेजवरून जाते, यावर. शेवटचं कारण कुणी उघड बोलत नाही, पण खेड्यांतून तेच सगळ्यात मोठं असतं. माझ्या बाबतीत तर तेवढं एकच होतं.

१९९५ साली मी अकरावीला गेले. गाव गुहागर तालुक्यात, कॉलेज तालुक्याबाहेर. आमच्या गावाला दिवसाची शेवटची गाडी म्हणजे वस्तीची गाडी, रात्री गावातच मुक्कामाला राहणारी एसटी. ती साडेपाचला सुटायची. प्रॅक्टिकल संपल्यावर आठवड्यातून तीन दिवस गणिताचा तास लागायचा आणि तो सव्वापाचला सुटायचा. कॉलेजपासून स्टँड वीस मिनिटांवर. पहिले दोन आठवडे मी तास अर्धा टाकून पळत सुटायचे. एकदा पावसात गाडी चुकली आणि आप्पांना, म्हणजे वडिलांना, रात्री दुसऱ्याच्या टेम्पोतून मला न्यायला यावं लागलं. दुसऱ्या दिवशी आप्पा कॉलेजात आले, ऑफिसातल्या कारकुनाशी बोलले आणि माझं गणित जाऊन भूगोल आला. भूगोलाचा तास दुपारी होता. कारकून म्हणाले, "मुलगी आहे, जीवशास्त्र आहेच की. गणित काय करायचंय?" आप्पांनी मान डोलावली, मीही डोलावली. गाडी मिळणार, याचाच आनंद होता मला. दहावीला गणितात १५० पैकी १३८ होते, हे त्या खोलीत माझ्यासकट कुणालाच आठवलं नाही.

पुढे मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब आली आणि मी त्याच्यामागे वेडी झाले. एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी करायचं ठरवलं, मैत्रिणीबरोबर माहितीपत्रक आणलं. पात्रतेच्या रकान्यात एक ओळ होती: बारावीला किंवा पदवीला गणित हा विषय असणे आवश्यक. स्टँडवरच्या बाकावर बसून ती ओळ मी किती वेळा वाचली असेन ते सांगता येत नाही. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मैत्रिणीकडे होतं. ती गेली.

आज मी लोटे परशुरामच्या एमआयडीसीत प्रयोगशाळेत आहे, चोवीस वर्षं झाली. काम मला आवडतं, त्या कामावरच मुलांची शिक्षणं झाली. पण कॉलेजच्या ऑफिसातल्या त्या दिवसाचा विचार मनातून गेलेला नाही. कुणीही माझं वाईट चिंतलं नव्हतं. आप्पांना मुलीची काळजी होती, कारकुनाला वाटलं आपण मदतच करतोय. फक्त तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं, की गणित सोडलं तर पुढचं काय काय सुटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलाने कुठला विषय घेतला यावर घरात खूप चर्चा होते. सोडला कुठला, आणि त्याबरोबर कुठले अभ्यासक्रम गेले, हे कुणी बघतच नाही.

आपल्या दारातलंच उदाहरण घ्या. दापोलीचं कृषी विद्यापीठ. सगळ्यांना ते एकच वाटतं. पण त्याच विद्यापीठात बी.एस्सी. ॲग्रीला जायचं तर बारावीला गणिताचा ग्रुप असला तरी चालतो, जीवशास्त्राचा असला तरी चालतो. कृषी अभियांत्रिकीला गणित लागतं. आणि रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासून, तिथे जीवशास्त्र लागतं. हर्णै, मिरकरवाडा, मालवण या पट्ट्यातल्या किती घरांत हे माहीत आहे? आमच्या ओळखीतल्या एका दर्यावर्दी घरातल्या मुलाने "डॉक्टर थोडंच व्हायचंय" म्हणून जीवशास्त्र सोडलं आणि बारावीनंतर मासेमारीचंच शिक्षण घ्यायचं म्हणून धावपळ करत आला. तीन पिढ्या समुद्रावर काढलेलं घर ते. त्या मुलाचा चेहरा मी विसरणार नाही.

उलटही होतं. मर्चंट नेव्हीत अधिकारी म्हणून जायचं, तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित या तिन्हीत मिळून ६० टक्के आणि दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के लागतात. जीवशास्त्र कितीही चांगलं असलं तरी तिथे मोजत नाहीत. (आणि त्याआधी डोळे तपासून घ्या हो. रंग ओळखण्यात दोष असेल तर ते बारावीनंतर कळण्यात काय अर्थ आहे? आणि संस्था केंद्र सरकारच्या डीजी शिपिंगची मान्यता असलेलीच बघा. एजंटाच्या नादाने पैसे गेलेली घरं आपल्या किनाऱ्यावर कमी नाहीत.)

मेडिकलचं म्हणाल तर नीट या प्रवेशपरीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे. ज्याला जीवशास्त्र वाचताना कंटाळा येतो त्याला "रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेज झालंय आता" म्हणून त्यात ढकलू नका.

कॉमर्सवाल्यांकडेही हेच. गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेतात, सोपं जातं म्हणून. जरूर घ्या, पण मुलाच्या डोक्यात सीए असेल तर त्याच्या फाउंडेशन या पहिल्या परीक्षेला गणित आणि संख्याशास्त्राचा अख्खा पेपर असतो, हे आधी सांगा त्याला. आणि सायन्सला मराठी सोडून आयटी घेण्याची जी लाट आहे, त्याबद्दल माझं मत कुणाला आवडणार नाही. गुण मिळतात, मान्य. पण गुणांसाठी मातृभाषा सोळाव्या वर्षी संपवायची, हे मला पटत नाही. आमच्या लॅबमध्ये नवीन मुलं येतात, त्यांना साधा चार ओळींचा अहवाल मराठीत लिहिता येत नाही, आणि इंग्रजीतही नाही.

ज्यांचे हात चालतात त्यांना अकरावीच कशाला हवी? रत्नागिरीला आणि मालवणला सरकारी पॉलिटेक्निक आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात. कोकणात अजून त्याला दुय्यम समजतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता फॉर्मबद्दल. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणजे पहिलं नाव टाकताना त्या कॉलेजात आपल्याला हवे ते विषय एकत्र शिकवतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. अनेक ठिकाणी शिक्षक नसतात म्हणून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊ देत नाहीत. आणि वेळापत्रक मागा. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, फार चांगली गोष्ट आहे, पण तास सुटल्यावर गाडीच नसेल तर तो पास दप्तरातच राहतो.

रविवारी मी गावी गेले. भाची पडवीत बसली होती, पुढ्यात शेवटच्या अढीतले आंबे. एक कापलान, बाहेरून सोन्यासारखा, आणि आत बाठ्याजवळ साका. पांढरट, रबरासारखा. मला म्हणाली, "आत्ये, हा का होतो गो? एकाच झाडाच्या एका आंब्यात होतो नि शेजारच्या आंब्यात नाही." मी तिला सांगितलं, की आपल्याच विद्यापीठातल्या लोकांनी नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना नावाची जात काढली, १९८१ मध्ये, तिच्यात साका होत नाही. ती बघतच राहिली. मग तासभर नुसते प्रश्न. कलम कसं बांधतात ते तिला आजोबांनी शिकवलंय, पण संकर म्हणजे काय ते तिला हवं होतं. मधेच मोबाईलवर तिने स्वतः केलेला हिशोब दाखवला, गेल्या चार वर्षांतल्या पेट्या, फवारणीचा खर्च, मिळालेला भाव. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

भाऊ झोपाळ्यावर बसून सगळं ऐकत होता. "हिला काय कळतंय" म्हणणारा तोच भाऊ. त्याला म्हटलं, या मुलीचं आज गणितही काढू नकोस आणि जीवशास्त्रही काढू नकोस. तिचं ठरायला अजून वेळ आहे, तो तिला मिळू दे. अभ्यास जास्त पडेल हे तिलाही सांगितलं. ती म्हणाली, चालेल.

मग आम्ही तिघं फॉर्म घेऊन बसलो. जवळच्या कॉलेजात दोन्ही विषय एकत्र देत नाहीत, चिपळूणच्या एका कॉलेजात देतात. तिथे शेवटचा तास पाचला सुटतो. भाऊ उठला, चपला घातल्या आणि गावात वस्तीला आलेल्या गाडीच्या कंडक्टरला वेळ विचारायला गेला. परत आला तेव्हा पार भिजला होता. म्हणाला, "पावणेसहाला आहे. मिळेल."